बसती गाडी

१

मला हे लिहायचं नव्हतं. चौथी शिकलेल्या म्हाताऱ्याच्या हातात शंभर पानी वही द्यायची आणि लिहा म्हणायचं, ही कुठली रीत? पण माझी भाची मंजुश्री ऐकत नाही. लातूरला शाळेत शिकवते, त्यामुळं समोर दिसेल तो माणूस तिला पाचवीतला वाटतो. म्हणते, "मामा, तोंडानं सांगायला लागलं की तुम्ही चिडता आन् मधूनच उठून जाता. माझ्या बापाचं काय झालं ते मला एकदा सरळ वाचायचंय." बाप तिचा, म्हणून लिहितो. दुसऱ्या कुणासाठी पेन उचललं नसतं. वाचताना शंका काढू नयेत. होत्या तेवढ्या सगळ्या मीच काढून बसलोय.

माझं नाव श्रीमंत. जी काय श्रीमंती ती नावातच. मुरुडला आमच्या लिंगायत समाजाच्या ट्रस्टच्या दोन ॲम्ब्युलन्स आहेत, त्यांचं मी बघतो. अकरा वर्षं झाली. सकाळी सातला पत्र्याचं शेड उघडायचं. ऑक्सिजनच्या नळकांड्याचा काटा बघायचा, टायरला लाथ घालून हवा बघायची, फिनेलनं गाडी आतून धुवून घ्यायची. मग फोन. लोक रडत असतात, त्यांना स्वतःच्या घराचा पत्ता सांगता येत नाही. मी एकदा खेकसलो की येतो. जिना आहे का, गल्लीत गाडी वळते का, माणूस शुद्धीवर आहे का, एवढं विचारायचं आणि ड्रायव्हर सोडायचा.

आमच्यात माणूस गेलं की आडवं ठेवत नाहीत. बसवतात. मांडी घालून, पाठ ताठ, कपाळाला विभूती, आणि बसलेलंच मातीला नेतात. फार वेळ आडवं राहिलं तर अंग ताठरतं, मग बसत नाही, घरच्यांचे हाल होतात. म्हणून लातूरच्या दवाखान्यात कुणी गेलं तर तिथूनच बसवून आणावं लागतं. त्यासाठी मोठ्या गाडीत आम्ही एक लोखंडी खुर्ची ठोकून घेतली. मांडी मावेल एवढी रुंद, उंच पाठीची, निवारीच्या दोन पट्ट्यांची. एक छातीला, एक कमरेला. छोट्या गाडीत स्ट्रेचर. गावात छोटीला निजती गाडी म्हणतात, मोठीला बसती. निजती जित्या माणसांची, बसती गेलेल्यांची. अकरा वर्षांत गल्लत झाली नाही.

आणि एक हुकूम माझा होता. माणूस उतरवलं की ड्रायव्हरनं तिथूनच फोन करायचा आणि एक शब्द बोलायचा, रिकामी. ते ऐकल्याशिवाय मी त्या गाडीला पुढचा कॉल देत नव्हतो.

२

फेब्रुवारीतली गोष्ट. दुपारचे बारा वाजून गेलेले. निजती गाडी एका बाळंतिणीला घेऊन लातूरला गेलेली. शेडमध्ये बसती, मी आणि तिचा ड्रायव्हर संगमेश. संगमेश तिशीतला, कामाला चोख, तोंडानं सैल.

फोन जगदेवीचा. माझी धाकटी बहीण.

"अण्णा, ह्यांना दम लागून राहिला. दुकानात. निजवलं की जीव चालला म्हणत्यात. गाडी पाठव."

ह्यांना म्हणजे मन्मथ दाजी. बारदान्याचा धंदा. जुनी पोती विकत घ्यायची, फाटकी शिवायची, आडतीत द्यायची. बत्तीस वर्षं हा माणूस रस्त्याकडं पाठ करून त्याच गादीवर बसला. हातात दाभण आणि सुतळी. गिऱ्हाईक आलं तरी आधी टाका पुरा करणार, मग मान वर. पंढरपूर नको, तुळजापूर नको, शेजारच्या गावचं लग्न नको. जगदेवी म्हणायची, चला कुठंतरी. हे म्हणायचे, पुढच्या साली बघू.

सरकारी गाडी दुसऱ्या कॉलवर होती, यायला पाऊण तास. संगमेश म्हणाला, "आप्पा, बसती हाय की. त्यास्नी निजायचं कुठं हाय, बसायचंच हाय न."

त्याचं बोलणं बरोबर होतं. आजही बरोबर वाटतं. निजवलं असतं तर दाजी वाटेतच गेले असते, हे डॉक्टरनं नंतर सांगितलं.

आम्ही दोघांनी त्यांना उचलून खुर्चीत बसवलं. ओठ निळे, सदरा घामानं अंगाला चिकटलेला. मी नळी लावली, छातीची पट्टी आवळली, कमरेची आवळली.

आता हे नीट वाच, मंजुश्री. पहिल्या वर्षी औशाकडच्या एका म्हातारीला आणताना खड्ड्यात तिची मान हलली आणि शेजारी बसलेला नातू भ्याला. तेव्हा मी वाकून तिच्या कानाशी म्हणालो, निवांत बसा आई, उतरायची घाई न्हाई. नातू गप झाला. तेव्हापासून त्या खुर्चीत बसवलेल्या प्रत्येकाला मी विभूती लावून तेवढंच म्हणतो. मंत्र नाही, काही नाही. सवय. पट्टी आवळली की हात आपोआप खिशातल्या पुडीकडं जातो.

हात तसाच गेला. तीन बोटं मी दाजींच्या कपाळावरून ओढली. वाकलो. आणि तेच म्हणालो.

दाजींनी डोळे उघडले. माझ्याकडं बघितलं. आणि मान डोलावली.

त्या खुर्चीतून आजवर मला कुणी होकार दिला नव्हता.

३

जगदेवी सोबत चढली, मी शेडवर परतलो. दीडला लातूरच्या दवाखान्यातून संगमेशचा फोन आला. "आप्पा, दाखल केलं. डॉक्टर म्हणले टायमावर आणलं."

"बरं झालं. रिकामी म्हण. बोरगावचा कॉल हाय."

त्याच्या मागं हॉर्न वाजत होते.

"संगमेश."

"उतरवलं म्हणलो की आप्पा."

"उतरवलं नको. रिकामी म्हण."

"थांबा, जरा मागं बघून येतो."

दार उघडल्याचा आवाज आला.  बऱ्याच वेळानं ते लागलं. "बोरगावला निघतो," एवढं बोलून त्यानं फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी तसंच. तिसऱ्या दिवशी तसंच. सोडलं, उतरवलं, झालं, निघालो, सगळं म्हणायचा. तो एक शब्द तेवढा नाही. चौथ्या दिवशी मी त्याला शेडमध्ये धरला.

"कामून रे? शब्द जड झाला का?"

"शब्द न्हाई, आप्पा. गाडी जड झालीय."

"दारू पिलास का?"

"वास घ्या."

मी घेतला. चहाचा वास होता.

"चढाला लागली की कळतंय," तो म्हणाला. "रिकामी गाडी कशी पळती ते मला पायात कळतंय. ही तशी पळून न्हाई राहिली. खोटं कसं बोलू? तुमीच शिकवलं, खोटं रिकामी म्हणायचं न्हाई."

४

मी भुताखेतावर विश्वास ठेवणारा माणूस नाही. अकरा वर्षं मढी आणतोय, एकानंही मला त्रास दिला नाही. जो काही त्रास दिला तो जित्या माणसांनी.

म्हणून मी आधी गाडी बघितली. सपाट जागेवर उभी करून मागं उकिडवा बसलो. खुर्चीच्या बाजूनं, डावीकडं, ती दोन बोटं खाली बसलेली. मेस्त्री बोलावला. त्यानं स्प्रिंगचा पाटा बदलला, टायर बदललं, खाली निजून सगळं हलवून बघितलं. म्हणाला, "आप्पा, गाडीत कायबी खोट न्हाई. वजन उतरवा की आतलं."

आत वजन नव्हतं. खुर्ची होती, नळकांडं होतं, बाक होतं.

मग सुतळ्या निघायला लागल्या. गाडी धुताना खुर्चीच्या पायाशी, बोटभर लांबीचा तुकडा, एका टोकाला गाठ. बारदाना शिवणारा माणूस टाका संपला की दातानं तोडतो, तसा तोडलेला. पहिला दिसला तेव्हा म्हटलं दाजींच्या सदऱ्याला चिकटून आला असेल. तो झाडून टाकला. दोन दिवसांनी दुसरा. आठवड्यात पाच झाले. मी संगमेशला शिव्या दिल्या, की मस्करी करतो म्हणून. त्यानं ऐकून घेतल्या. तो शिव्या ऐकून घेणारा माणूस नाही. 

मार्चमधली एक दुपार. संगमेश जेवायला गेलेला. मी शेडमध्ये बाकावर पडलो होतो. पत्रा तापून टणटण वाजत होता, बाहेर रस्त्यावर कुत्रंसुद्धा नाही. डोळा लागत होता की नव्हता, सांगता येत नाही. बसतीची मागची दारं उघडी होती, वाळायला. आतून आवाज आला.

सर्र.

मग थोडा वेळ गेला. पुन्हा, सर्र.

जाड पोत्यातून सुतळी ओढल्याचा आवाज. लांब, सावकाश, हाताला घाई नसलेला. मी बहिणीच्या दुकानात बत्तीस वर्षं तो ऐकत आलो. मला भीती वाटली नाही, हे खरं लिहितो. उलट झोप यायला लागली. कुणीतरी घरातलं माणूस शेजारी बसून आपलं काम करतंय आणि आपण पडलोय, तशी गोड झोप. मी झोपलो. उठल्यावर भ्यालो.

५

तोवर दाजी घरी येऊन महिना झाला होता. मी दवाखान्यात दोनदा गेलो होतो, घरी गेलो नव्हतो. का गेलो नव्हतो ते विचारू नये. शेवटी गेलो.

"बस अण्णा," जगदेवी म्हणाली. "च्या टाकते. तू बोल ह्यांच्याशी, मी बोलून दमले." माझी बहीण तिखट आहे, दमणारी नाही. त्या दिवशी दमलेली दिसली.

दाजी बाजेवर बसले होते. मांडी घालून, पाठ ताठ. अंग भरलेलं, रंग चांगला. आजारी माणूस असा दिसत नाही.

"काय दाजी, बरंय का?"

"बरंय की."

"जेवलाव का?"

"घरी गेल्यावर जेवू."

मी हसलो. "घरीच हाव की तुमी."

तेही हसले. लहान पोरगं काहीतरी बोलतं आणि मोठा माणूस हसतो, तसे. मग खिडकीकडं बघत म्हणाले, "हळू घे म्हणावं त्याला. पुढं खड्डा हाय."

खिडकीत शेजाऱ्याची भिंत होती. बिनगिलाव्याची, हातभर अंतरावर.

आणि दाजी उजवीकडं कलले. पडले नाहीत. कलले, जरा वेळ तसेच राहिले, आणि सरळ झाले. मी आयुष्यभर गाडीत बसलेली माणसं बघितली. वळणावर माणूस असंच कलतं.

स्वयंपाकघरात जगदेवी हळू आवाजात म्हणाली, "निजत न्हाईत. बसूनच डोळे मिटत्यात. हातात दाभण दिलं तर इचारत्यात, हे कुणाचं. कधी कधी बाजेच्या कडेला सरकून बसत्यात. मी म्हणलं, कामून सरकलाव? म्हणले, पाव्हणा आलाय, जागा द्या."

"डॉक्टर काय म्हणत्यात?"

"हृदय चांगलं हाय म्हणत्यात."

"मग झालं की."

"हृदय चांगलं हाय," ती म्हणाली. "माणूस कुठाय? अण्णा, तू दवाखान्यातून मला काय आणून दिलंस?"

मी चहा न घेता उठलो.

६

जगदेवी हिशोबी बाई. तिनं कॅलेंडरच्या पानांमागं लिहायला सुरुवात केली. दाजी काय म्हणाले आणि किती वाजता. एप्रिलच्या शेवटी तिनं ती पानं शेडमध्ये आणून माझ्यापुढं टाकली आणि न बोलता निघून गेली.

मी माझं गाड्यांचं रजिस्टर काढलं.

मंगळवार, अकरा वाजता. "किती वेळ लावलंय हे फाटक." रजिस्टरला, बसती रेल्वे फाटकात अडकली, वीस मिनिटं उशीर.

शुक्रवार, चार वाजता. "बाई रडून राहिली, तिला कुणी पाणी द्या." रजिस्टरला, लातूरहून एका शिक्षकाला बसवून आणलं, सोबत बायको.

आणि जिथं जिथं जगदेवीनं लिहिलं होतं, सरकून बसले, तिथं तिथं खुर्चीत कुणीतरी होतं. चौदा वेळा. चौदाही जुळले.

मी रजिस्टर मिटलं. पुन्हा उघडलं. म्हातारं माणूस, आजारातून उठलेलं, बडबडणारच. रोज शंभर गोष्टी बोलला तर चौदा कुठंतरी बसणारच. जगदेवीला संगमेशनंच वेळा सांगितल्या असतील. दोघं मिळून मला वेडा करत असतील. असं सगळं मी मनाशी बोललो. संध्याकाळपर्यंत बोलत होतो. पण एक उत्तर येईना. पाव्हणा आला म्हणून जागा द्यायची, हे कोणाला सुचेल?

त्याच आठवड्यात ट्रस्टला नवी गाडी मिळाली. ट्रस्टचा सेक्रेटरी अमरेश, सोन्याच्या दुकानाचा मालक, वय चाळीस, शेडमध्ये येऊन म्हणाला, "आप्पा, जुनी मोठी इकून टाकली. बिलोलीचा मंडपवाला घेऊन राहिला. लग्नाच्या वरातीला सजवणार. खुर्चीबी असू द्या म्हणला, नवरदेव बसवायला कामाला येती. सोमवारी पोचवायची."

"पंधरा दिवस थांब."

"कामून?"

"आत माणूस हाय."

तेव्हा शेडमध्ये दोन्ही ड्रायव्हर होते, मेस्त्री होता, चहावाला होता. अमरेशनं सगळ्यांकडं एकदा बघितलं. मग म्हणाला, "आप्पा, आता तुमी घरी बसा. डोकं भाड्यानं दिल्यावानी बोलून राहिलाव."

चहावाला हसला. मी कप त्याच्या किटलीत परत ओतला.

७

रविवारी दुपारी मी संगमेशला म्हणालो, गाडी जगदेवीच्या दाराला लाव. मागची बाजू दाराकडं.

गल्लीत कुणी नव्हतं. मे महिना, दीड वाजलेला, सगळी दारं लावून लोक आत. ऊन इतकं पांढरं की भिंतींना रंग राहिला नव्हता. जगदेवी उंबऱ्यात उभी होती, एका हातात पाण्याचा तांब्या, दुसऱ्यात भाकरतुकडा. दवाखान्यातून माणूस घरी आलं की ओवाळून टाकतात तसा. दाजींवरून तिनं तो फेब्रुवारीतही ओवाळला होता.

आधी मी तिला सांगितलं. विभूतीचं, कानात बोललेलं, मान डोलावल्याचं. सगळं.

ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "साठ वर्षात तुला चुकलो म्हणताना ऐकलं न्हाई. आता तीन महिन्यांनी म्हणून राहिलास व्हय."

"चुकलो," मी म्हणालो.

"मला नको म्हणू. त्यास्नी म्हण."

संगमेशनं मागची दारं उघडली.  खुर्ची होती, दोन पट्ट्या होत्या. पट्ट्या लोंबत नव्हत्या. छातीच्या उंचीवर जरा फुगून राहिल्या होत्या. वारा नव्हता.

मी माझी टोपी काढली. "दाजी, माझं चुकलं. मी ते तुमच्यासाठी बोललो न्हवतो. तोंडातून गेलं. घर आलंय. उतरा."

काही नाही.

जगदेवीनं भाकरतुकडा ओवाळला. हवेवरून, एकदा, दोनदा. "चला," ती म्हणाली. "किती दिवस झाले. चला आता. मी कायबी बोलणार न्हाई."

मी खाली बसून चाकाकडं बघत होतो. माणूस उतरलं की गाडी जराशी वर येते. लेकरू उतरलं तरी येते. ती आली नाही.

तेवढ्यात घरातून, बाजेवरून, दाजींचा आवाज आला. साधा, नेहमीचा.

"कोण आलंय गं दारात?"

जगदेवीचा हात थांबला. ती तशीच उभी राहिली.  मग आतून पुन्हा, जरा त्रासिक आवाजात, "जे कोण असंल त्याला म्हणावं, दार लावून घ्या. ऊन येऊन राहिलं."

गाडीतल्या खुर्चीवर ऊन पडलं होतं. बाजेवर नव्हतं.

संगमेशनं दारं लावली.

८

सोमवारी मी म्हणालो, गाडीबरोबर मी जाणार. अमरेश काही बोलला नाही. सकाळी आठला निघालो. मी पुढं बसलो नाही. मागं बसलो, बाकावर, खुर्चीच्या समोर. माझ्या मनात होतं, वाटेत कुठंतरी, सावलीला, पाण्याला गाडी थांबेल, आणि माणसाला उतरावंसं वाटेल. माणूस उतरतंच की कुठंतरी.

लातूर गेलं. अहमदपूर गेलं. मी बोलत राहिलो. जगदेवी भाकरी वाढून किती वेळ बसते ते सांगितलं. मंजुश्रीचं सांगितलं, की पोरगी दर शनिवारी येऊन बापाचा हात धरून बसते आणि बाप तिला विचारतो, तुमी कुठं उतरणार. बोलताना मला माझाच राग आला. एवढं गोड मी माझ्या बायकोशी कधी बोललो नाही.

प्रत्येक थांब्याला मी दारं उघडून दिली. हॉटेलापाशी, पंपापाशी, एका लिंबाखाली. प्रत्येक वेळी खाली उतरून बाजूला उभा राहिलो, वाट मोकळी करून. आणि परत चढलो.

लोह्याच्या पुढं मला झोप लागली असावी. गाडीला हिरव्या काचा आहेत, उन्हाचा पाण्यासारखा उजेड आत येतो आणि हलतो. इंजिनाचा आवाज लांब गेला. मग दुसरा आवाज राहिला. सर्र. सावकाश. सर्र.

मी डोळे उघडले, पण मान वर केली नाही. मला पाय दिसले. मांडी घातलेली, धोतराचा काठ, एका अंगठ्याचं नख काळं. ते नख मी ओळखतो, दुकानात वजन पडलं होतं त्यावर. वरती दोन हात. दाभण जात होतं, सुतळी येत होती. काय शिवत होते ते दिसलं नाही.

मग मी हळूच वर बघितलं. तोंड माझ्याकडं नव्हतं. काचेकडं होतं. बाहेर हरभऱ्याची मोकळी रानं पळत होती, एक पोरगं सायकलवर होतं, पळसाची झाडं होती. गालाची कड दिसली आणि कान. तो गाल मी ओळखतो, पण त्याच्यावर जे होतं ते ओळखीचं नव्हतं. बत्तीस वर्षांत कधी बघितलं नव्हतं.

"दाजी," मी म्हणालो. "परत जाऊ."

एक हात सुतळीवरून उठला. गिऱ्हाईकाला थांबवताना उठायचा तसा, तळवा माझ्याकडं. डोकं वळलं नाही.

फोन वाजला. मी दचकलो. खुर्ची रिकामी होती, पट्ट्या फुगलेल्या. फोन जगदेवीचा होता.

"अण्णा, कुठायस?"

"नांदेड यायलंय. काय झालं?"

"हे हसून राहिलेत." तिचा आवाज बारीक झालेला. "तीन महिन्यांनी. मला वाटलं आले. पळत गेले. अण्णा, खिडकीकडं तोंड करून हसून राहिलेत. म्हणत्यात, श्रीमंतला म्हणावं, किती बडबड लावलीस. बघू दे की जरा."

मी फोन कानाला धरून बसलो.  तिच्या बाजूला भांडं पडल्याचा आवाज झाला, मग तिनं फोन ठेवला.

बिलोलीला दोन वाजता पोचलो. मंडपवाल्याच्या आवारात कमानी, गाद्या, लाल गालिचे पडलेले. त्यानं गाडी फिरून बघितली, खुर्चीवर हात आपटून बघितला आणि खूश झाला. संगमेशनं चावी दिली. मी खाली उभा होतो. मी दारं उघडी सोडली होती, शेवटपर्यंत. मंडपवाल्याच्या माणसानं ती लावली.

एसटीनं परत येताना संगमेश म्हणाला, "आप्पा, ते रिकामी म्हणायचं..."

"गप बस," मी म्हणालो.

९

आता जून संपत आला. नवी गाडी चांगली आहे. नवी खुर्ची बसवून घेतली. मी पट्टी आवळतो, विभूती लावतो आणि तोंड बंद ठेवतो.

दाजी बाजेवर आहेत. तब्येत चांगली. लग्नाची तिथी असली की सकाळपासून खुशीत असतात. दुपारी बाजेवर बोटं वाजवतात, बँडच्या ठेक्यावर. मागच्या गुरुवारी कडेला सरकून बसले आणि शेजारच्या मोकळ्या जागेकडं बघून म्हणाले, "घाबरू नको, पोरा. सगळ्यांचंच लग्न होतं." जगदेवी तेव्हा त्यांना घास भरवत होती. घास तिच्या हातातच राहिला. तिनं परवा दुकान विकायला काढलं. विधवा नाही, सवाष्णही वाटत नाही म्हणाली, आणि जे काय आहे त्याला शब्द नाही. मी म्हणालो, सगळं माझ्यामुळं. ती म्हणाली, "तू बसवलंस. उतरायला त्यास्नी कुणी बांधलं होतं का?"

ते मी रोज धरून बसलोय. मी चुकलो ते चुकलो, आणि तसं बोललोही, टोपी काढून, भर उन्हात. जगदेवीची माफी मागितली, तिनं अजून दिली नाही, आणि तो तिचा हक्क आहे. अमरेश पेढे घेऊन घरी आला, चारचौघात बोललो ते चुकलं म्हणाला, त्याचं माझं मिटलं. संगमेशला दिलेल्या शिव्या मी परत घेतल्या. मंजुश्री, तू विचारलंस, बाप कुठाय. ते मी लिहिलं. परत का येत नाही, ते मला विचारू नको. मी दहा ठिकाणी दार उघडून दिलं, बाजूला उभा राहिलो. माझ्या बहिणीला रिकामं घर देऊन, मला सगळ्या गावाचा बोल लावून जो माणूस खुशाल खिडकीतून रानं बघत बसला, त्यानं एकदा तोंड वळवून माझी आणि तिची माफी मागायची राहिलीय. तुझा बाप असला तरी नाव लिहितो. मन्मथ.